प्रतवारीचा मनोरा

बंदरावरच्या औद्योगिक इमारतीच्या आयुष्याचे स्थूलमानाने तीन कालखंड पाडता येतात. पहिल्यात माणसे मजुरीसाठी तिच्यात शिरतात, दुसऱ्यात कबुतरे तिथे फुकट राहतात आणि तिसऱ्यात माणसे पुन्हा शिरतात. फरक इतकाच की या खेपेस, पहिल्या कालखंडातल्या हमालाला वर्षभर राबूनही दिसली नसती एवढी रक्कम ती एका रात्रीपोटी मोजतात. या तिसऱ्या कालखंडाला ‘बुटीक हॉटेल’ म्हणतात. ज्यात खोल्या मोजक्या असतात, एकीसारखी दुसरी नसते, स्वागतकक्षात नोंदवहीच्या जागी शिल्प असते आणि भिंतींवरचा गिलावा पैशाअभावी राहून गेलेला नसून भरपूर पैसे देऊन खरवडून काढलेला असतो, अशा निवासस्थानाला ही संज्ञा लावण्याचा प्रघात आहे. गेल्या काही दशकांत जगभरच्या धक्क्यांवर अशा हॉटेलांचे पेव फुटले आहे. कोपनहेगनला १७८७ सालच्या धान्यकोठारात, सिंगापूरला नदीकाठच्या १८९५ सालच्या गोदामात आणि टास्मानियातल्या होबार्टला जॅमच्या कारखान्यात पाहुण्यांची सोय होते. अ‍ॅमस्टरडॅमकरांनी तर जुन्या जहाजबांधणीच्या आवारातली उंच क्रेनच सजवली असून तिच्यात तीनच दालने आहेत. त्यामुळे शेजाऱ्यांचा उपद्रव तिथे संभवत नाही, मात्र वाऱ्याचा संभवतो.

या संप्रदायाचा सर्वांत अभ्यसनीय नमुना दक्षिण आफ्रिकेत, केप टाउनच्या बंदरात उभा आहे. सायलो म्हणजे धान्य पोत्यांत न भरता सुटेच साठवण्याची उभी, बंद, नळकांड्यासारखी कोठी. आणि अशा कोठ्यांचे एक अजस्र संकुल १९२१ ते १९२४ या काळात तिथे बांधले गेले. ५७ मीटर उंचीची ही इमारत त्या वेळी सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत सर्वांत उंच समजली जाई. तिचे दोन भाग होते: एका बाजूला एकमेकांना खेटून उभी असलेली काँक्रीटची ४२ नळकांडी आणि दुसऱ्या बाजूला प्रतवारीचा मनोरा, म्हणजे आलेले धान्य जोखून, चाळून त्याची प्रत ठरवण्याची जागा. देशाच्या अंतर्भागातून मका रेल्वेच्या वाघिणींतून यायचा, त्याचे वजन व्हायचे आणि पट्ट्यावर बसवलेल्या पोहऱ्यांनी तो थेट माथ्यावर चढवला जायचा. धान्य वर चढवण्याचे कष्ट एकदाच घ्यावेत, पुढची सर्व कामे गुरुत्वाकर्षण विनावेतन करते, हे या यंत्रणेमागचे तत्त्व होते. पुढे जहाजांवर कंटेनरांचे राज्य आले, कोठ्या रिकाम्या पडल्या आणि विसावे शतक संपता संपता इमारतीने दुसऱ्या कालखंडात प्रवेश केला. मार्च २०१७ मध्ये प्रतवारीच्या मनोऱ्याच्या वरच्या मजल्यांवर २८ खोल्यांचे ‘द सायलो हॉटेल’ सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात उरलेल्या इमारतीत समकालीन आफ्रिकी कलेचे ‘झाइट्झ मोका’ हे संग्रहालय उघडले.

ज्या धक्क्यावर हे सारे उभे आहे, त्याचे नाव ‘व्ही अँड ए वॉटरफ्रंट’ असे असून या नावाने पर्यटकांच्या इतिहासज्ञानाची जेवढी अब्रू घेतली, तेवढी क्वचितच कुठल्या परीक्षेने घेतली असेल. व्ही म्हणजे व्हिक्टोरिया हे सर्वांना येते आणि ए म्हणजे आल्बर्ट हे त्याहून अधिक आत्मविश्वासाने येते.

“आल्बर्ट नव्हे, आल्फ्रेड,” वाटाड्या सांगतो.

“म्हणजे दुसरा नवरा?”

“नाही, दुसरा मुलगा.”

हा राजपुत्र आल्फ्रेड वयाच्या सोळाव्या वर्षी, १८६० साली, केप टाउनला आला आणि समुद्रात बांध घालण्याच्या कामाचा त्याच्या हस्ते शुभारंभ झाला. म्हणजे दगडांची पहिली गाडी त्याने ओतली आणि उरलेल्या असंख्य गाड्या इतरांनी. पुढे १८७० साली तो मुंबईत आला असता त्याच्याकडून तिथेही एक कोनशिला बसवून घेण्यात आली. तीवर उभे राहिलेले ‘रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम’, म्हणजे खलाशांचे वसतिगृह, पुढे विधिमंडळाचे सभागृह झाले आणि आता तिथे महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे. एकाच राजपुत्राचा हात लागलेल्या दोन ठिकाणांपैकी केप टाउनला मक्याच्या जागी पाहुणे आले आणि मुंबईला खलाशांच्या जागी आधी आमदार व मग पोलीस आले, यावरून कोणत्या शहराची प्रगती अधिक झाली, हे ठरवणे प्रस्तुत लेखाच्या कक्षेबाहेरचे आहे. केप टाउनचा बांध ज्या कैद्यांनी घातला, त्यांच्या तुरुंगाच्या इमारतीत आज व्यवस्थापनशास्त्राचे विद्यालय आणि आणखी एक हॉटेल आहे, एवढी नोंद मात्र केली पाहिजे. ब्रिटिश तुरुंगांमध्ये कैद्याला शिक्षा म्हणून पायचक्कीवर, म्हणजे चालणारा दमतो पण कुठेच पोहोचत नाही अशा यंत्रावर, तासन्‌तास चालवीत असत. आजच्या हॉटेलातला पाहुणा पहाटे उठून त्याच यंत्राच्या वंशजावर स्वखुशीने चढतो आणि त्यासाठी भाडे देतो, ही दंडविधानाच्या इतिहासातली मोठीच सुधारणा होय.

कोठारांच्या रूपांतराचे काम ब्रिटिश रचनाकार थॉमस हेदरविक यांच्याकडे होते आणि अडचण अशी होती, की ४२ नळकांडी म्हणजे ४२ विहिरी. त्यांत चित्र लावायचे तर बघणाऱ्याला पोहऱ्यात बसवून सोडावे लागले असते. त्यावर काढलेला तोडगा विलक्षण होता. मक्याचा एक दाणा घेऊन त्याचे संगणकाने मोजमाप केले गेले, तो आकार दहा मजल्यांएवढा फुगवला गेला आणि नळकांड्यांच्या मधोमध तेवढी पोकळी कोरून काढली गेली. नळकांड्यांच्या भिंती मुळात इतक्या पातळ होत्या, की कापण्यापूर्वी त्यांना आतून नव्या काँक्रीटचे अस्तर द्यावे लागले; म्हणजे पाडण्यासाठी आधी बांधावे लागले, आणि सार्वजनिक बांधकामाशी थोडाफार परिचय असलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. ज्या इमारतीतून दाण्यांच्या राशीच्या राशी गेल्या आणि एकाकडेही कोणी ढुंकून पाहिले नाही, तिथे अखेरीस एका दाण्याला अमरत्व मिळाले, तेही दाणा म्हणून नव्हे तर दाण्याच्या आकाराची पोकळी म्हणून. या पोकळीत उभे राहून वर पाहणाऱ्याच्या तोंडून पहिला उद्गार ‘वा!’ असा निघतो आणि दुसरा, मानेत लचक भरल्यामुळे, ‘अगाई!’ असा.

मुंबईहून निघालेल्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत केप टाउनचा हा धक्का हमखास असतो आणि त्यामुळे मराठी दांपत्ये इमारतीच्या पायथ्याशी नेहमी आढळतात. ती सहसा या हॉटेलात उतरलेली नसतात. ती त्याकडे पाठ करून छायाचित्र काढून घेतात, जेणेकरून फोटो पाहणाऱ्याने गैरसमज करून घ्यायचा असल्यास त्याला आडकाठी होऊ नये. त्या वेळचे संवाद साधारणपणे ठरलेले असतात.

“हे काय आहे हो?”

“धान्याचं कोठार होतं. आता वर हॉटेल आहे, खाली म्युझियम.”

“मग धान्य कुठे ठेवतात?”

या प्रश्नाला वाटाड्याकडेही उत्तर नसते. मग विषय गावाकडे वळतो.

“आपल्या वाड्यातली कणगी जपून ठेवली असती, तर आज दिवाणखान्यात काय शोभली असती!”

“तीच कणगी तुझ्या भावाने पाच वर्षांपूर्वी बंबात घातली.”

“तुम्हाला माझ्या माहेरचं काही कधी आवडलंय?”

आणि प्रतवारीच्या मनोऱ्याच्या साक्षीने दोन घराण्यांची प्रतवारी सुरू होते.

जे खरोखरच अशा हॉटेलांत उतरतात, त्यांचा अभ्यास वेगळा करावा लागतो. या लेखाच्या कर्त्यासारख्या, ज्याची प्रत तळमजल्यावरच ठरून गेलेली असते, अशा संशोधकाला त्यासाठी मुख्यत्वे ऐकीव माहितीवर आणि दिवाणखान्यातल्या कोचाखाली सापडलेल्या परदेशी मासिकांवर अवलंबून राहावे लागले आहे. त्या साधनांवरून असे दिसते, की जुन्या मनोऱ्यातली पद्धत या हॉटेलवर्गाने जवळपास जशीच्या तशी राखली आहे. पाहुणा आला की प्रथम त्याच्या पतपत्राचे वजन होते; मग पेहरावावरून आणि सामानाच्या चाकांच्या आवाजावरून त्याचा नमुना तपासला जातो; नंतर उद्वाहकाने त्याला वर चढवले जाते आणि ठरलेल्या कोठीत सोडले जाते. फरक एवढाच, की मक्यात दुय्यम प्रत असे आणि इथे कुणालाही दुय्यम म्हणण्याची चाल नाही. खोल्यांच्या श्रेणी ‘उत्तम’पासून सुरू होतात आणि ‘अत्युत्तम’, ‘राजेशाही’ अशा वर वर जातात. त्यामुळे सर्वांत स्वस्त खोली घेणाऱ्यालाही आपण उत्तम असल्याचे समाधान लाभते, आणि वरच्या मजल्याचे बटण आपल्या पत्त्याने दाबले जात नाही हे कळेपर्यंत ते टिकते.

खोलीत शिरल्यावर पाहुण्याचा पहिला झगडा भिंतीशी होतो. उघडे काँक्रीट, म्हणजे गिलावा व रंग यांवाचून ठेवलेला मूळ पृष्ठभाग, हे या संप्रदायाचे दैवत असते. परंतु आयुष्यभर गृहनिर्माण संस्थेच्या सभांत ओलसर भिंतीवरून भांडलेल्या माणसाला ते चटकन दिसत नाही.

“भिंत अर्धवट राहिलीय तुमची.”

“नाही सर, हे मूळ काँक्रीट आहे. शंभर वर्षांपूर्वीचं.”

“मग शंभर वर्षांत रंगारी मिळाला नाही?”

दुसरा झगडा दिव्यांशी. बटण हे बटणासारखे दिसता कामा नये, असा या वर्गातल्या सजावटकारांचा कटाक्ष असतो. परिणामी उशाजवळचा दिवा मालवू पाहणाऱ्या पाहुण्याच्या हातून पडदे उघडतात, ते मिटवू जाता पलंगाच्या पायथ्यातून दूरदर्शन संच उगवतो, संच खाली बसवू जाता छतातून व्हायोलिन ऐकू येते, आणि अखेर सर्व खुंट्या एकदम दाबल्या की दारावर टकटक होऊन गणवेशातला एक मुलगा अदबीने विचारतो, “बोलावलंत, सर?” त्याच्याकडून दिवा मालवून घेणे मानी माणसाला जमत नाही. तो बर्फ मागवतो. बर्फ येतो, मुलाला बक्षिसी जाते, दिवा तसाच राहतो आणि पत्नी तोंडावर पांघरूण घेत म्हणते, “राहू द्या. विजेचं बिल भाड्यातच आहे.”

तिसरा आणि निर्णायक झगडा स्नानगृहाशी होतो, कारण पुष्कळदा स्नानगृह अशी वेगळी खोली नसतेच. पलंग आणि न्हाणी यांच्यामध्ये काचेची भिंत असते किंवा तीही नसते. या मांडणीमागे दांपत्यजीवनाविषयी काही रम्य कल्पना असाव्यात. त्या, लग्नाला तीस वर्षे झालेल्या आणि तीसही वर्षे कडी लावून आंघोळ केलेल्या जोडप्याला लागू पडत नाहीत. एकाची आंघोळ चालू असताना दुसऱ्याने बाहेरच्या बोळात जाऊन उभे राहायचे, अशी तडजोड मग होते. आणि सकाळी आठच्या सुमाराला बोळाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या झग्यांतली प्रौढ मंडळी आगीच्या वेळी बाहेर पडण्याच्या वाटेचा नकाशा तन्मयतेने वाचत उभी असलेली दिसतात. ज्यांची पाळी आत असते, त्यांचेही हाल कमी नसतात, कारण कोणती चावी कुठले पाणी सोडते हे लिहिलेले नसल्याने अनेकांचा पहिला अभिषेक कपड्यांसकट होतो.

सायलोपुरते बोलायचे तर त्याचे खरे वैभव खिडक्यांत आहे. हेदरविक यांनी मनोऱ्याच्या जुन्या काँक्रीटच्या चौकटींत बाहेरच्या बाजूला उशीसारख्या फुगलेल्या खिडक्या बसवल्या असून त्या अनेक लहान लहान तावदाने जोडून केलेल्या आहेत. लांबून पाहता इमारतीने आतून श्वास भरून धरला आहे असे वाटते. काही खोल्यांत न्हाणीचा टब अशा खिडकीलगतच ठेवलेला आहे. कोमट पाण्यात पडल्या पडल्या बंदर न्याहाळावे अशी ही योजना. परंतु हॉटेलाला वर्षही पुरे झाले नव्हते तोच शहरावर दुष्काळाचे संकट कळसाला पोहोचले. सलग तीन वर्षे पाऊस कमी पडल्याने धरणांनी तळ गाठला आणि १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी रोज ५० लिटर पाण्याची मर्यादा घालण्यात आली. नळ बंद करण्याच्या संभाव्य दिवसाला ‘डे झीरो’ म्हणत आणि तो आल्यास रांगेत उभे राहून माणशी २५ लिटर पाणी न्यावे लागेल, असे जाहीर झाले होते. साधा टब भरायला दीडशे लिटरच्या आसपास पाणी लागते. त्यामुळे शहरातल्या कित्येक हॉटेलांनी टबांची बुचेच काढून घेतली आणि स्नान दोन मिनिटांत उरकण्याच्या विनंत्या सर्वत्र झळकल्या. ज्यांनी टबासाठी म्हणून खोली घेतली होती, त्यांना जगातल्या कुठल्याही धक्क्यावर तेव्हा कोरड्या टबात बसून देखावा पाहण्याची याहून चांगली सोय मिळाली नसती. युरोपीय पाहुणे हबकले. मिरजेहून रेल्वेने पाणी येण्याचे २०१६ साल ज्याने पाहिले होते, अशा लातूरच्या पाहुण्याची प्रतिक्रिया मात्र निराळी होणे स्वाभाविक होते.

“पन्नास लिटर? रोज?”

“होय सर. आम्ही दिलगीर आहोत.”

“नळाला?”

पुढे पाऊस आला, डे झीरो टळला आणि टबांना बुचे परत मिळाली.

देखाव्याचा प्रश्न त्याहून नाजूक आहे, कारण तो पूर्णपणे टेबल माउंटनच्या हाती असतो. सपाट माथ्याचा हा डोंगर शहराच्या पाठीशी हजार मीटरहून अधिक उंच उभा असून, डोंगराच्या दिशेची खोली मिळवण्यासाठी माणसे जादा दाम मोजतात. आणि उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा सुटला, की त्याच डोंगरावर ढगांचा जाड थर पसरून कडेने खाली ओघळू लागतो. स्थानिक लोक त्याला कौतुकाने ‘टेबलक्लॉथ’ म्हणतात. जादा दाम मोजलेला पाहुणा त्याला काय म्हणतो, हे ग्रंथात देण्याजोगे नाही. वाऱ्यालाही तिथे मानाची पदवी आहे: शहरातली रोगट हवा झाडून नेतो म्हणून त्याला ‘केप डॉक्टर’ म्हणतात, आणि इतर डॉक्टरांप्रमाणेच तोही जाताना काहीतरी घेऊन जातो, सहसा टोपी, कधी छत्री, गच्चीवर जेवणाऱ्यांच्या बाबतीत सॅलड. वारा फार झाला की डोंगरावर नेणारी दोरवाट बंद ठेवतात. मग खोलीत परतलेल्या माणसांचा जरा डोळा लागतो न लागतो, तोच दुपारी बाराला सिग्नल हिलवरची तोफ उडते. वेळ कळावी म्हणून रविवारखेरीज रोज ती उडवण्याची प्रथा फार जुनी आहे. बेसावध पाहुणा पलंगाखाली शिरतो आणि बाहेर आल्यावर, आपण चप्पल शोधत होतो, असे सांगतो.

खाण्याच्या बाबतीत एकच निरीक्षण पुरेसे आहे. मक्याच्या जाडसर पिठाची घट्ट शिजवलेली उकड हे दक्षिण आफ्रिकेतल्या सामान्य घरांचे रोजचे अन्न असून तिला ‘पाप’ म्हणतात. घरी कण्या समोर आल्या की “मी काय आजारी आहे?” असे विचारणारा गृहस्थ हेच पाप मोठ्या पांढऱ्या बशीत, चमच्याभर प्रमाणात, वर एक पान ठेवून आले की डोळे मिटून खातो आणि पत्नीला म्हणतो, “शिकून घे.” त्यावर ती जे म्हणते, ते शेजारच्या टेबलावरच्यांना भाषा न कळताही कळते.

धान्याच्या व्यवहारात आवकेचे आणि जावकेचे अशी दोन वजने होतात आणि त्यांतल्या फरकाला ‘घट’ म्हणतात. मक्याची घट ही ओल सुकल्याने आणि धूळ उडाल्याने होई. पाहुण्याच्या बाबतीत खिशाची घट आणि सामानाची वाढ एकाच वेळी होते, कारण खोलीतल्या साबणांच्या वड्या, तेलांच्या इवल्या बाटल्या आणि कापडी चपला यांचे दाम आपण भरलेले आहेत, अशी त्याची कायदेशीर समजूत असते. शिवाय अशा हॉटेलाच्या तळाशी इमारतीवरचे एक जाडजूड चित्रमय पुस्तक विकायला असते आणि ते घेतल्यावाचून आपण तिथे राहिल्याचे कोणी मानणार नाही, ही भीती खरीच असते. हा सगळा माल मग विमानतळावरच्या काट्यावर चढतो.

“सर, दोन किलो जास्त आहे. आत काय आहे?”

“इमारत,” पत्नी कपाळाला हात लावून सांगते.

“पुस्तक काढून ठेवू?” नवरा दबक्या आवाजात विचारतो.

“खुळे आहात का? त्याच्यासाठी तर एवढ्या लांब आलो. चिवडा काढा.”

घरून निघताना उपासमारीच्या भीतीने बरोबर घेतलेला आणि दोन आठवडे कुणाच्या लक्षात न आलेला चिवड्याचा डबा त्यानंतर बॅगेच्या तळातून वर येतो, काट्याशेजारीच फरशीवर झाकण उघडले जाते आणि मागे खोळंबलेल्या रांगेतल्या चार खंडांतल्या प्रवाशांना मुठी मुठी वाटप सुरू होते. डबा रिकामा झाल्यावर बॅग पुन्हा काट्यावर ठेवली जाते. आकडा अजून चारशे ग्रॅमने जास्तच असतो. गणवेशातला तो मापाडी आकड्याकडे पाहतो, रांगेच्या शेपटाकडे पाहतो, डब्याच्या तळाशी उरलेले दाणे वेचून तोंडात टाकतो आणि बॅगेला चिठ्ठी बांधून पट्ट्यावर ढकलून देतो.